पाणी मुरतंय कुठे? जिओफिजिक्सकडे वळणाऱ्यांसाठी

बोअरवेलसाठी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमिनीत करंट सोडून तिचा विद्युत रोध मोजणं, आपल्याकडे गावोगाव होतो. मीही तिथूनच सुरुवात केली. तेच तंत्र अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड या अणुप्रकल्पाच्या जागी गाडलं गेलेलं प्रदूषण रोखण्याच्या कामात वापरतात हे कळलं, आणि मी या विषयाकडे वळलो.

हॅनफर्डच्या '300 एरिया'त अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचं इंधन घडवत. सांडपाणी तळ्यांत आणि चरांत सोडलं जाई, त्यातलं युरेनियम खालच्या वाळू-गोट्यांत जाऊन बसलं. शेजारून कोलंबिया नदी वाहते. बर्फ वितळून नदी चढली की भूजल वर येतं आणि ते युरेनियम धुऊन नेतं. म्हणून 2015 आणि 2018 साली तिथे जमिनीत पॉलिफॉस्फेटचं द्रावण सोडलं. फॉस्फेटमुळे युरेनियम सहज न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. पण द्रावण त्याच्यापर्यंत पोचायला तर हवं! विहिरीतून कळतं ते त्या विहिरीपुरतं. मधल्या जागेसाठी जमिनीत इलेक्ट्रोडची (करंट सोडायच्या धातूच्या कांड्यांची) रांग लावून पुन्हा पुन्हा रीडिंग घ्यायची. क्षारयुक्त द्रावण पोचलं की तिथला रोध उतरतो.

नवख्यांना माझा पहिला आग्रह बेसलाइनचा. द्रावण सोडण्याआधीची रीडिंग भरपूर घ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी ताडून बघायचं असतं. जमीन एक अंशाने तापली तरी वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, म्हणजे रोध उतरतो. नदीचं पाणी भूजलापेक्षा कमी क्षारांचं, त्यामुळे ते आत शिरलं की रोध उलट वाढतो. नदीची पातळी आणि तापमान नोंदवलं नसेल, तर दिसणारा बदल कशाचा हे सांगता येत नाही.

कोरड्या खडीत इलेक्ट्रोडला करंट जाता जात नाही. बुडाशी मिठाचं पाणी ओता, माती दाबून बसवा, कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (इलेक्ट्रोड आणि जमीन यांच्यामधला रोध) उतरला की मगच पुढे. करंट सोडणारी आणि व्होल्टेज मोजणारी इलेक्ट्रोडची जोडी अदलाबदल करूनही मोजा. दोन्ही आकडे जुळायला हवेत, जितका फरक तितकी त्या रीडिंगमधली चूक. हे कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. पुरलेले लोखंडी पाइप नकाशावर आधीच शोधून ठेवा, करंट त्यांतून पळतो आणि रीडिंग बिघडतं.

इन्व्हर्जननंतरच्या (रीडिंगवरून जमिनीतला रोध गणिताने काढल्यावरच्या) रंगीत चित्रात ओलाव्याची कड पसरट दिसते, आणि खोल जाल तशी जास्तच. तिथे रेघ मारून 'पाणी इथवर आलं' म्हणू नका. इन्व्हर्जन समजायला लिनिअर अल्जिब्रा पक्कं करा. पायजिमली, रेसआयपी ही इन्व्हर्जनची सॉफ्टवेअर फुकट आहेत, घरबसल्या हात बसवता येतो.

आणि रसायनवाल्यांशी रोज बोला. द्रावण कुठे गेलं हे आपण सांगू शकतो. युरेनियम खरंच अडकलं का, हे मातीच्या आणि भूजलाच्या नमुन्यांवरूनच ठरतं.