साइटवरचं मूल शाळेत नेऊन बसवायचं कसं

जून उजाडला की मला ठरलेले फोन येतात. "ताई, आमच्या सोसायटीने दप्तरं गोळा केलीत, कुठल्या बांधकाम साइटवर वाटू?" मी म्हणते, तूर्त कुठेच नको. दप्तर नाही म्हणून घरी बसलेलं मजुराचं मूल पुण्याच्या वाघोली-खराडी पट्ट्यात मला अजून भेटायचंय. मुलं घरी बसतात ती शाळा नगर रस्त्याच्या पलीकडे असते म्हणून, धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नसतं म्हणून, आणि बापाचं काम संपून बिऱ्हाड हलतं म्हणून. तेव्हा पैसे जमले असतील तर पहिला खर्च मुलांना शाळेत पोचवणाऱ्या बाईच्या पगारावर करा. दप्तराचं नंतर बघू.

माझं अप्पा बळवंत चौकाजवळ वह्या बांधायचं दुकान आहे आणि हे काम त्या वह्यांवर चालतं. त्याचा हिशेब पुढे देते.

आधी हे लक्षात घ्या की पुण्यात ही वाट नवी नाही. डोअर स्टेप स्कूल या संस्थेची बस वस्त्यांत जाऊन उभी राहते आणि बसमध्येच वर्ग भरतो. तारा मोबाइल क्रेशेस बांधकामांवर पाळणाघरं चालवते. तुमच्या भागात अशा कुणाचं काम चालू असेल तर त्यांना हातभार लावा, शेजारी नवी पाटी लावू नका.

कुणीच नसेल तर कॅम्पात, म्हणजे साइटवरच्या मजुरांच्या वस्तीत जा, पण मुकादमाला विचारून. संध्याकाळी, चुली पेटल्यावर. दुपारी गेलात तर खोल्यांत फक्त मुलं असतात, आणि अनोळखी माणूस मुलांशी बोलताना दिसला की लोक बिथरतात, ते बरोबरच आहे. कॅमेरा बाहेर काढू नका. एक आडवी वही न्या. मुलाचं नाव, पाठची भावंडं, शेवटची शाळा आणि इयत्ता, गाव-तालुका, घरात बोलतात ती भाषा, एवढे रकाने आखा. आणखी एक रकाना मी हट्टाने ठेवते: बाप काय काम करतो आणि किती स्लॅब बाकी आहेत. सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखालचा साचा ठोकणारा, असेल तर शेवटचा स्लॅब पडला की तो निघाला. प्लास्टर आणि फरशीवाले तेव्हा नुकते येत असतात. मूल इथे दिवाळीपर्यंत आहे की परीक्षेपर्यंत, हे त्या रकान्यावरून कळतं.

वय विचारलं की आई म्हणते, "असंल सहा-सात." तिथे थांबायचं नाही. "पोळ्याच्या आधी झाला का नंतर? सोयाबीन काढणी चालू होती का? लॉकडाऊनमध्ये चालत होता का पोटात होता?" असं विचारत गेलं की महिना सापडतो. एका बाईने मला सांगितलं, "बाळंतपणाला माहेरी गेले तवा चुलत्याचं लगीन होतं," आणि शेजारच्या खोलीतल्या जावेने लग्नाचं साल सांगितलं. पुढचे दुधाचे दात पडलेत का तेही बघा, साधारण सहाव्या वर्षी पडायला लागतात. डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावायची जुनी पद्धत गमतीपुरती ठीक आहे.

आता मुख्याध्यापकांची खोली. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यातल्या तीन कलमांची मराठी प्रत पिशवीत असू द्या. कलम 4: सहा वर्षांवरच्या मुलाला वयाप्रमाणे इयत्ता द्यायची, मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम 14: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 5: टीसी, म्हणजे आधीची शाळा सोडल्याचा दाखला, यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला "काही येत नाही" म्हणून पहिलीत बसवू देऊ नका. ती लाजेने आठवड्यात गळते.

पण कलमं टेबलावर आपटायची नाहीत. सर नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा अडचण आधारची असते. शिक्षकांची पदं ठरवताना आधार जुळलेली मुलं धरली गेली आहेत, म्हणून बिनआधारचं मूल पटावर घ्यायला शाळा कचरते. कायद्याने आधारवाचून प्रवेश अडत नाही. तरी "सर, आधार काढून द्यायचं माझ्याकडे लागलं" एवढं म्हटलं की आवाज उतरतो. मग ते खरंच काढून द्या. पालकांचं वयाचं स्वयंघोषणापत्र लिहून, अंगठा किंवा सही घेऊन बरोबर न्या. आईला आत न्या आणि खुर्चीवर बसवा. नाव तिला सांगू द्या.

नाव घातलं म्हणजे काम झालं, असं समजणारे पुष्कळ. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं. कॅम्पातलीच एक बाई पगारावर ठेवा, शक्यतो जिची स्वतःची मुलं त्याच शाळेत आहेत अशी. तिने सगळ्यांना गोळा करून न्यायचं, रस्ता ओलांडून द्यायचा, सुटल्यावर आणायचं. आमच्या मावशी शिट्टी वाजवतात आणि जो आला नाही त्याच्या दारात उभ्या राहतात. ताप असेल तर कळतं, आणि पाहुणे आलेत हे निमित्त असेल तर तेही कळतं. अंतर जास्त असेल तर रिक्षा लावा, पण कोंबून नाही.

मोठ्या मुलींचं गणित वेगळं. कडेवर बाळ असतं. बाळाची सोय होईपर्यंत तिच्या प्रवेशाला अर्थ नाही. तीन वर्षांच्या पुढच्याला अंगणवाडी आहे. त्याहून लहानांसाठी ठेकेदाराशी बोला. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात कलम 35 होतं: पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, तेव्हा आजची अट त्यात बघून घ्या. कमी बायका असल्या तरी मागा. पत्र्याची एक खोली, पंखा आणि पाणी यात बिल्डरचं काही जात नाही. खोली मिळाली तर संध्याकाळी तिथेच अभ्यास घेता येतो. शिकवायला कॅम्पातलीच बारावी झालेली सून सापडली तर उत्तम. कर्नाटकातल्या यादगीरकडची लमाणी मुलं वर्गात गप्प बसतात, कारण बाईंचं मराठी त्यांना कळत नाही. त्यांच्याशी पहिले काही आठवडे मराठी बोलायचं, धडा नंतर. पुस्तकं शाळेतून फुकट मिळतात, बालभारतीच्या संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येतात.

पैशांचं सांगते. एप्रिलमध्ये निकाल लागले की सोसायट्यांतून अर्ध्या कोऱ्या वह्या रद्दीत जातात. त्या मी मागून घेते, प्रेसवाल्यांकडचे उरलेले कागदही घेते. कोरी पानं वेगळी करून, कापून, नव्या पुठ्ठ्यात बांधतो. कॅम्पातल्या ज्या बायकांना बाळंतपणानंतर विटा-वाळू उचलता येत नाही, त्या हे काम नगावर करतात. वही बाजारभावाने विकते, दयेच्या भावाने नाही. बांधणी चांगली असेल तर गिऱ्हाईक परत येतं. एक नियम पाळा: मावशींचा आणि शिकवणीताईंचा पगार विक्रीतून, आणि देणग्या फक्त एकवेळच्या खर्चाला. देणगी एखाद्या वर्षी आटते, तेव्हा मुलं रस्त्याच्या अलीकडे उभी राहता कामा नयेत. देणग्या घ्यायच्या असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, हवा असेल तर वर आणखी नोंदण्या लागतात, त्यासाठी चांगला सीए गाठा. सुरुवातीलाच त्यात शिरू नका.

बापाची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, पण नोंदणी झाली तर पहिल्या दोन मुलांना मंडळाची शिष्यवृत्ती मिळू शकते. तिला हजेरी लागते, म्हणजे मूल शाळेत पाठवायला बापालाही कारण मिळतं.

आणि बिऱ्हाड हलणारच. शेवटचा स्लॅब जवळ आला की शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. त्यावर पुढची शाळा मुलाला बसवून घेते. प्रगतीपुस्तक, आधारची प्रत आणि ते पत्रक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या, ट्रंकेत कुठे ठेवते ते बघा. पुढची साइट बाणेरला की हिंजवडीला ते बापाला नीट माहीत नसतं, मुकादमाला असतं. त्याचे दोन्ही नंबर घ्या, एक कायम बंद असतो.