समुद्रकाठच्या गावचा मुख्य रस्ता: जुने फोटो आणि आठवणी दारागणिक कशा जमवाव्यात

फोटो मागायला कुणाच्याही घरी जाण्याआधी रस्त्याचा कच्चा नकाशा काढा. मोजणीची मापं नकोत. कागदाची लांब पट्टी घ्या, मधोमध रस्ता आखा आणि दोन्ही बाजूंना एकेका दारासाठी एकेक चौकोन करा. सुरुवात धक्क्याकडून करायची, कारण समुद्राकडचं टोक सहसा जागच्या जागी असतं आणि गावाकडचं टोक वस्ती वाढेल तसं लांबत जातं. समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला १, ३, ५ आणि उजव्या हाताला २, ४, ६. विहीर, मोठं झाड, दिव्याचा खांब, बोळाचं तोंड यांनाही नंबर द्या. एका इमारतीची पुढे दोन दुकानं झाली असतील तर १७अ आणि १७ब करा, पण एकदा दिलेला नंबर बदलू नका.

हा नकाशा म्हणजे सगळ्या कामाचा कणा. फोटो घराण्यांप्रमाणे लावले की ते त्या त्या घरचे अल्बम होतात, रस्ता दिसतच नाही. दाराच्या नंबरावर टांगले की तीन वेगळ्या घरांतून आलेले फोटो शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांची तारीख सांगायला लागतात.

फोटो शक्यतो मालकाच्या घरीच स्कॅन करा. न्यावेच लागले तर किती नेले, कुठले नेले आणि कधी परत देणार, हे दोन प्रतींत लिहून एक प्रत घरी ठेवा. नुसतं बसस्टॉप, चौक, दुकान असं मागू नका. लोकांना वाटतं आपल्याकडे रस्त्याचा फोटो नाही. लग्नाची वरात, मिरवणूक, नवी सायकल, दारात उभं केलेलं मूल असं काहीही दाखवायला सांगा. रस्ता बहुतेक वेळा माणसांच्या पाठीमागेच सापडतो.

स्कॅन करताना कागदी फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) पुरतं. ४ बाय ६ इंचांचा फोटो त्यावर २,४०० बाय ३,६०० पिक्सेलचा होतो आणि रंगीत टिफ (न दाबलेली चित्र-) फाइल साधारण २६ एमबीची. काळापांढरा फोटोही रंगीतच स्कॅन करा, म्हणजे पिवळेपणा, डाग आणि शाईच्या खुणा वेगळ्या ओळखता येतात. ३५ मिमी निगेटिव्हला ३,२०० डीपीआय लावा. निगेटिव्ह मिळाली तर फोटोपेक्षा तिला जास्त जपा. छापताना कडेचा भाग अनेकदा कापला जातो आणि नेमकी दुकानाची पाटी त्या कापलेल्या भागात असते. स्कॅनरमधली आपोआप रंग सुधारण्याची आणि ओरखडे पुसण्याची सोय बंद ठेवा. ती सोय विजेची तार ओरखडा समजून पुसून टाकू शकते.

प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कोरी दिसली तरी. फाइलला फक्त क्रमांक द्या: ०४२-पुढे, ०४२-मागे. नावात साल घालू नका, कारण आपण ठरवलेलं साल पुढे बदलतं आणि मग एकाच फोटोच्या दोन नावांच्या फाइली होतात. साल, दार, मालक हे सगळं वेगळ्या तक्त्यात. फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक गावाबाहेर. वादळात एका घरातल्या दोन प्रती एकदमच जातात.

खाऱ्या हवेत फोटोचं नुकसान ठरावीक जागी होतं. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून भिंतीवरच्या तसबिरीत फोटोवरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. असा फोटो ओढून काढायचा नाही, चित्र काचेवर राहतं. तो काचेसकटच टिपा: कॅमेरा अगदी समोर, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, खोलीतले बाकी दिवे बंद. कॅमेऱ्यामागे काळं कापड धरलं की काचेत आपलं प्रतिबिंब येत नाही. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा आधी काढा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा दोरा कागदाखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. तरीही अडला तर पानासकट स्कॅन करा. फोटो ठेवायला पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. पेटीतली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के हवी. समुद्राजवळ सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) लवकर भरतं, तेव्हा रंग बदलणारं जेल घ्या आणि रंग बदलला की ते वाळवा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती लगेच इतरांपासून वेगळी करा आणि सगळ्यात आधी तीच स्कॅन करा.

आता साल. नियम एकच: फोटोत जी सगळ्यात नवी गोष्ट दिसते, तिच्याआधीचा तो फोटो असू शकत नाही. विजेचा खांब, पाटीवरचा टेलिफोन नंबर, गाडीचं मॉडेल, भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर, एकेक बघत जा. जुनी गोष्ट मात्र काहीच सिद्ध करत नाही. जुनी गाडी कितीतरी वर्षं चालते. पोस्टकार्ड असेल तर उलटं करा. पाठीवर पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असलेली कार्डं ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून चालू झाली. पण टपालाचा शिक्का कार्ड कधी पाठवलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही. एकच दृश्य वर्षानुवर्षं छापून विकलं जायचं.

एकोणिसाव्या शतकातल्या फोटोत रस्ता ओस दिसला म्हणून तो ओस होता असं लिहू नका. त्या शतकात बराच काळ कॅमेऱ्याची झडप पुष्कळ वेळ उघडी राहायची, चालणारी माणसं स्पष्ट उमटत नसत. भिंग घेऊन जमिनीलगत बघा, धुरकट पट्टे सापडू शकतात. ती बहुधा चालणारी माणसंच.

निगेटिव्ह उलटी छापली गेली की डावं उजवं होतं. पाटीवरची अक्षरं वाचता येत नसतील इतका फोटो लहान असेल, तर समुद्र कुठल्या हाताला आहे ते नकाशाशी ताडून बघा. सावलीवरून सकाळ की संध्याकाळ ते रस्त्याची दिशा माहीत असली की कळतं. मात्र उष्ण कटिबंधात वर्षाचे काही दिवस दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. हे विसरलात तर कॅमेऱ्याची दिशाच उलटी ठरवाल.

आठवणी घेताना फोटो आधी दाखवायचे नाहीत. ही चूक सर्रास होते. फोटो समोर आला की माणूस चौकटीतलंच बोलतो, चौकटीबाहेरचं आठवत नाही. आधी रिकामा नकाशा समोर ठेवा आणि धक्क्यापासून चालायला सांगा: पहिल्या दारात काय होतं, मग पुढे? 'तेव्हा कसं होतं?' या प्रश्नाला 'छान होतं' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: त्या दुकानाला पायऱ्या किती होत्या? दुपारी सावली कुणाच्या ओट्यावर यायची? भरतीचं पाणी कुठल्या दारापर्यंत चढायचं? फळ्यांचं दार होतं की ओढायचं शटर? फळ्या असतील तर त्यांवर क्रमांक घातलेले असायचे का आणि बंद करताना कुठून सुरुवात व्हायची? हात हलायला लागले की समजा, आठवण खरीखुरी जागी झाली.

सालाऐवजी वय विचारा. 'तेव्हा तुम्ही कितवीत होता?' किंवा 'लग्नाआधी की नंतर?' याचं उत्तर पक्कं येतं, नुसतं साल दहा वर्षांनीही चुकतं. दोघांनी एकाच दारात वेगवेगळी दुकानं सांगितली तर दोन्ही नोंदवा, प्रत्येकाचं वय शेजारी लिहा. पुष्कळदा दोघंही बरोबर असतात, काळ वेगळा असतो.

जमवलेले फोटो दुसऱ्या भेटीत दाखवा. ए४ आकारात छापा, वर ट्रेसिंग पेपर लावा आणि नावं त्यावर पेन्सिलीने लिहायला द्या. नाव तुम्ही सुचवू नका. बैठक तासाभराची, पंखा बंद आणि समुद्राकडची खिडकी लावलेली. बोलणं रेकॉर्ड करताना डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची) फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका चॅनेलला तासाला ५०० एमबीच्या आसपास जागा लागते. बोलणं कुठे वापरणार ते सुरुवातीलाच सांगा आणि त्यांची संमती त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या. फोटो एखाद्याच्या घरात आहे म्हणजे छापायचा हक्कही त्याच्याकडेच असेल असं नाही, तेही आधी बघा.

शेवटी त्याच जागेवरून आजचा फोटो. जुन्या फोटोत एकामागे एक येणाऱ्या दोन कडा शोधा, समजा खांबाची कड आणि मागच्या घराच्या खिडकीचा कोपरा. त्या जुळेपर्यंत डावीउजवीकडे सरका. मग दुसरी अशी जोडी घेऊन पुढेमागे. झूमने हे जुळत नाही. झूमने चौकट बदलते, कडांची जुळणी फक्त उभं राहण्याच्या जागेने बदलते. दोन्ही जोड्या जुळूनही छपराची रेघ वर किंवा खाली जात असेल, तर जुना फोटो बहुधा माडीवरून काढलेला आहे. समोरच्या कुठल्या दाराला माडी होती ते नकाशात बघा.