महाकाय भोपळा: देठ आणि वेल सांभाळताना या चुका टाळा

मोठा भोपळा काढायचा म्हटलं की सगळा जीव फळात अडकतो. फळ मात्र हातचं जातं ते बरेचदा देठापाशी. 2023 साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे 1,247 किलोचा भोपळा तोलला गेला. एवढं वजन एकाच देठातून पोसलं गेलं होतं. मुंबईच्या गच्चीवर ड्रममधली वेल तिथवर जाणार नाही, पण देठाचं गणित तेच.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे देठ वेलीशी तिरका राहू देणं. फळाचे खांदे फुगले की ते वेलीवर रेटतात, देठ ताणला जातो आणि फाटतो. फळ लहान असतानाच रोज थोडं थोडं सरकवून देठ वेलीशी काटकोनात आणा. हे दुपारीच करा. उन्हानं वेल तेव्हा जरा सैल पडलेली असते. सकाळी ती पाण्यानं टरारलेली असते आणि कटकन मोडते.

दुसरी चूक चांगल्या हेतूनं होते. वेलीच्या पेरांवर माती ओढून मुळं फुटू द्यावीत, हे खरंच. गच्चीवर कोबा असल्यानं पेरांखाली शेणखत-कोकोपीट भरलेले क्रेट ठेवा. पण फळाच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन पेरं मोकळीच हवीत. तिथे मुळं धरली असतील तर ती कापा, तणावे सोडवा. फळ उंच होईल तशी वेल वर उचलली गेली पाहिजे, नाहीतर ती देठच ओढते. बाकीची वेल वाऱ्यानं उलटू नये म्हणून तिच्यावर काड्यांची फुली रोवा.

पावसाळ्यात ही हौस नकोच. बी ऑक्टोबरात लावा. दमट हवेत देठाच्या खाचेत पाणी साचलं की बुरशी आलीच. पाणी बुंध्याशी घाला, तेही रोज सारखंच. चार दिवस कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलंत तर फळ तडकतं.

वेलीवर तपकिरी, चिकट थेंब दिसले तर तो भाग कोरडा ठेवून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. देठाला वरवरची चीर असेल तर तेवढ्यानंही निभावतं. देठापाशी फळालाच आतल्या पोकळीपर्यंत चीर गेली असेल, तर थांबू नका. फळ लगेच उतरवा आणि सडायच्या आत घारगे करा.