चूल पेटली की गोळी

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात चाळीस वर्षं वाकून भाताची लावण केली. साठीनंतर गुडघ्यांनी त्याचा हिशेब मागितला. डॉक्टरांनी झीज सांगून नॅप्रोक्सेन आणि इसोमेप्राझोल एकत्र असलेली गोळी दिली, दिवसातून दोनदा. नॅप्रोक्सेन दुखणं-सूज उतरवतं, पण जठराचं अस्तर राखणारं प्रोस्टाग्लँडिनही घटवतं. म्हणून जोडीला आम्ल कमी करणारं इसोमेप्राझोल. अमेरिकेत या जोडगोळीला २०१० साली मान्यता मिळाली.

पहिले आठ दिवस मी ती चुकीचीच घेतली. पेनकिलर जेवूनच घ्यायची, हे जन्मभर ऐकलेलं. पाकिटावर मेडिकलवाल्याने ‘ऊटक्के मुंचे’ लिहिलं होतं, पण मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. नातवाने वाचलं, ‘‘आज्जा, जेवायच्या आधी लिहिलंय की!’’

ही गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास घ्यायची. इसोमेप्राझोल आधी रक्तात पोचलं, तरच जेवणासोबत सुरू होणारं आम्ल अडवतं. आमच्याकडे घड्याळ कोण बघतो? चूल पेटली की गोळी. भाकरी-झुणका ताटात येईस्तोवर अर्धा तास सहज जातो.

दुसरा पराक्रम अडकित्त्याचा. गोळी मोठी, म्हणून दोन तुकडे करायचो. बाहेरचं इसोमेप्राझोल आधी सुटावं आणि आतलं नॅप्रोक्सेन जठर ओलांडून आतड्यात गेल्यावर सुटावं, अशी तिची बांधणी. तुकडा केला की सगळं मुसळ केरात. अख्खी गिळा, चावू नका. याच बांधणीमुळे आराम पडायलाही वेळ लागतो. लगेच गुण नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नका.

दुकानात पट्टी उलटून दोन्ही नावं वाचा. नॅप्रोक्सेनसोबत डॉम्पेरिडोन असलेली गोळीही मिळते. त्यातलं डॉम्पेरिडोन मळमळीवर, आम्लावर नव्हे. वरून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन अशी दुसरी पेनकिलर घेतली तर पोटाची राखण फुकट. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि राखण होते ती फक्त पोटाची. किडनी, बीपी, हृदय यांना नॅप्रोक्सेनचा त्रास व्हायचा तो होऊ शकतो. मला बीपी आहे, म्हणून किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतो आणि डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच दिवस गोळी घेतो.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा. शेताला पाणी सोडायचं राहिलं तर राहू दे.