गिटारचा लूप आणि लॅपटॉपचा ट्रॅक शेवटपर्यंत एकत्र कसे ठेवायचे

लॅपटॉपवर ड्रम्स-बासचा बॅकिंग ट्रॅक, पायाखाली लूपर पेडल (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच परत परत वाजवणारं, त्या तुकड्याला लूप म्हणतात), पहिली तीन-चार आवर्तनं मस्त जातात आणि मग लूप हळूहळू घसरायला लागतो, दुसऱ्या कडव्यापर्यंत तर ऐकवत नाही. बऱ्याच जणांना वाटतं आपली लय कच्ची आहे. तसं नसतं हो, नुसत्या पायाने हे जमवणं जवळजवळ अशक्यच आहे.

हिशोब करून बघा. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० बीट असताना, चार बारचा लूप (एका बारमध्ये चार बीट) म्हणजे १६ बीट, बरोबर ८ सेकंद. लूप बंद करताना पाय फक्त २० मिलिसेकंद उशिरा पडला की लूप झाला ८.०२ सेकंदांचा. एकदा ऐकून काहीच कळणार नाही, पण हे २० दर आवर्तनाला साठत जातात, दहा आवर्तनांत २०० मिलिसेकंद, आणि या टेम्पोला बीटचा चौथा हिस्साच १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे दीड मिनिटाच्या आत लूप पार बाहेर. म्हणून लूपची लांबी पायाने नाही, क्लॉकने, म्हणजे यंत्राच्या ठरावीक ठोक्याने ठरवायची, आणि क्लॉक द्यायचा लॅपटॉपने. मास्टर एकच, बाकी सगळे त्याच्या मागे.

त्यासाठी लूपरला मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांना इशारे पाठवायची पद्धत) इन किंवा यूएसबी मिडी हवं, आणि तो बाहेरचा क्लॉक घेतो का हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण नुसतं यूएसबीचं भोक असलं म्हणजे सिंक होतंच असं नाही, काही पेडलमध्ये ते फक्त फाइल टाकायला किंवा अपडेटला असतं. एबलटन लाइव्ह हे म्युझिक सॉफ्टवेअर वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये (जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेस) मिडीच्या भागात जा, पेडल ज्या आउटपुट पोर्टला आहे त्याच्यासमोरचं सिंक ऑन करा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी क्लॉक सेंड अशा काहीतरी नावाने सापडेल. मग पेडलच्या मेन्यूत सिंक इंटर्नलवर असेल तर मिडी किंवा यूएसबीवर न्या, आणि क्वांटाइझ (पायाचा ठोका जवळच्या हद्दीवर आपोआप बसवणं) असेल तर ते बारवर ठेवा. आता पाय थोडा मागेपुढे पडला तरी लूप बारच्या हद्दीवरच बंद होतो.

मिडी क्लॉक म्हणजे दर बीटला २४ टिक, बस. त्यात टेम्पोचा आकडा नसतो, दोन टिकमधलं अंतर मोजून पेडल स्वतः टेम्पो काढतं, त्यामुळे त्याला जरा वेळ द्यावा लागतो. म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला दोन बार नुसता क्लिक (मेट्रोनोमची टकटक) ठेवा, प्ले दाबल्या दाबल्या लूप घ्यायला जाऊ नका.

ट्रॅकही तयार करून घ्यावा लागतो आणि हे काम लोक हमखास टाळतात. पहिला बीट सॉफ्टवेअरमधल्या बार-बीटच्या ग्रिडच्या रेघेवर बसला पाहिजे. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता घुसू शकते, त्यामुळे वेव्ह फाइल वापरा. ट्रॅक क्लिकशिवाय वाजवलेला असेल तर टेम्पो आत-बाहेर होणारच, तेव्हा वॉर्प करून, म्हणजे ऑडिओ ताणून-दाबून, अख्खा ट्रॅक एकाच टेम्पोवर आणा. टेम्पो मॅप करून, म्हणजे ट्रॅकचा बदलता टेम्पो नोंदवून, क्लॉकलाच ट्रॅकबरोबर हलवता येतं खरं, पण मग लूपरला आधी घेतलेला ऑडिओ ताणावा लागतो आणि गिटारचा आवाज चिरडल्यासारखा येतो, सगळ्या लूपरना तर ते जमतही नाही. मी तरी त्या वाटेला जात नाही.

आता टेस्ट. तारा म्यूट करून दर बीटला एक चक, असा एक बारचा लूप घ्या आणि क्लिकबरोबर पाच मिनिटं तसाच सोडून द्या. शेवटी कान देऊन ऐका. चक आणि क्लिकमध्ये सुरुवातीपासून तेवढंच अंतर असेल तर लांबी बरोबर आहे, फक्त जागा सरकलीये, लाइव्हमध्ये त्याच पोर्टच्या क्लॉक डिलेचा आकडा कमीजास्त करून ती जुळवता येते. अंतर वाढत चाललं असेल तर मात्र पेडल क्लॉक ऐकतच नाहीये, सेटिंग परत बघा. या दोन्ही अगदी वेगळ्या भानगडी आहेत, चुकीचा आकडा फिरवत बसलात तर तासन्‌तास जातील.

पेडलला मिडीच नसेल तर लूप लॅपटॉपच्या आतच घ्या. लाइव्हमधला लूपर किंवा साधी क्लिप, क्वांटाइझ एक बार, आणि रेकॉर्डचं बटण पायाने दाबायला एखादा मिडी फूटस्विच. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) म्हणजे एका बाजूने साधारण २.७ मिलिसेकंद, येणं-जाणं आणि गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचा वेळ धरूनही वाजवताना बोचत नाही. तेही नको असेल तर लूप दर कडव्याला नवीन घ्या, फरक फार साठायला वेळच मिळणार नाही.

क्लिक ऐकायला वायरचाच हेडफोन, ब्लूटूथला शंभर-दीडशे मिलिसेकंद उशीर सहज होतो. आणि बॅकिंग ट्रॅक लूपरच्या इनपुटमधून अजिबात नेऊ नका, नाहीतर गिटारबरोबर ड्रम्सही लूपमध्ये जातात आणि पुढच्या आवर्तनाला डबल ऐकू येतात. ट्रॅक थेट मिक्सरला, लूपरमध्ये फक्त गिटार.

शेवटचं म्हणजे ट्रॅक संपल्यावर पुढे दोन-तीन बार रिकामे ठेवा, कारण लॅपटॉप थांबला की स्टॉपचा मेसेज जातो आणि बरेच लूपर तिथल्या तिथे बंद पडतात, शेवटचा कॉर्ड मध्येच कापला जातो.