सीझन बॉलचा झेल घेताना: संवेग हातात कसा जिरवावा

टेनिस बॉलवर गल्लीत तयार झालेला मुलगा पहिल्यांदा सीझन बॉलसमोर, म्हणजे क्रिकेटच्या खऱ्या चामडी चेंडूसमोर, उभा राहतो, तेव्हा त्याची नजर बहुधा चुकत नाही, पावलेही वेळेवर पडतात, आणि तरीही चेंडू तळहातावर आपटून बाहेर उडतो. याचे कारण वजनात आहे. टेनिसचा चेंडू सुमारे 58 ग्रॅमचा, पोकळ आणि दबणारा असतो, तर पुरुषांच्या क्रिकेटमधील चेंडू 155.9 ते 163 ग्रॅमचा, भरीव आणि टणक असतो. दोन्ही चेंडू एकाच वेगाने आले तरी सीझन बॉलचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, जवळजवळ पावणेतीनपट भरतो.

जडत्वामुळे चेंडू आपणहून थांबत नाही. त्याला थांबवण्यासाठी तळहाताला बल लावावे लागते आणि तेवढेच बल चेंडू तळहातावर लावतो. किती संवेग घालवायचा हे चेंडू हाताला लागण्यापूर्वीच ठरलेले असते. तो किती वेळात आणि किती अंतरात घालवायचा, एवढेच झेल घेणाऱ्याच्या हाती उरते. समजा, 20 मीटर उंचीवरून 160 ग्रॅमचा चेंडू खाली आला. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर तो हातात येताना त्याचा वेग ताशी सुमारे 72 किलोमीटर असतो. हात ताठ धरून त्याला 4 सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर तळहातावर सरासरी 800 न्यूटन बल येते, म्हणजे साधारण 80 किलोचा भार. तोच चेंडू हात मागे घेत 40 सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर हा भार 8 किलोवर येतो.

म्हणून उंच झेलासाठी आधी पळत जाऊन चेंडूखाली स्थिर व्हावे, कोपरे किंचित वाकवून हात डोळ्यांच्या पातळीला आणावेत आणि करंगळ्या जुळवून ओंजळ उघडी ठेवावी. बोटांची टोके चेंडूकडे रोखू नयेत, कारण बोटे दुखावतात ती बहुतेक अशीच. चेंडू लागण्याच्या जरा आधी हात खाली नेण्यास सुरुवात करावी, मात्र चेंडूपेक्षा कमी वेगाने, आणि तो पोटाशी येईपर्यंत ही हालचाल तोडू नये. चेंडू बोटांच्या मुळाशी बसला पाहिजे. मनगटाजवळच्या हाडाळ भागावर तो पडला, तर बोटे मिटण्यापूर्वीच उसळून जातो, आणि अशा वेळी हाताला त्याचा संवेग नुसता शून्यावर आणावा लागत नाही, उलट दिशेने नवा संवेगही द्यावा लागतो. सुटलेला झेल पकडलेल्या झेलापेक्षा जास्त झोंबतो, तो यामुळेच.

सरावासाठी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा गुरू नाही. जोडीदाराने तो दुरून उंच फेकावा. हात अडले की फुगा फुटतो, हात सोबत गेले की शाबूत राहतो. हे अंगवळणी पडल्यावरच सीझन बॉल हाती घ्यावा.

स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाच्या शेजारच्या जागी, हात मागे न्यायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून अंतर आधीच राखून ठेवावे लागते. कोपरे बरगड्यांना चिकटवून उभे राहिल्यास हाताला मागे जायला जागाच उरत नाही. हात शरीराच्या पुढे आणि सैल असावेत. बॅटची कड घेतलेला चेंडू स्वतःभोवती फिरतही असतो, त्यामुळे ओंजळीत आल्यावरही तो निसटू पाहतो आणि बोटे लगेच मिटावी लागतात. फलंदाजाच्या अगदी जवळच्या फॉरवर्ड शॉर्ट लेग या जागी तर वेळ याहूनही कमी. मुंबईच्या एकनाथ सोलकरांनी प्रामुख्याने त्या जागी उभे राहून, तेही हेल्मेटविना, 27 कसोटींत 53 झेल घेतले. हात किती तयार असले पाहिजेत याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

सीमारेषेवर प्रश्न बदलतो, कारण तिथे स्वतःच्या शरीराचा संवेगही सांभाळावा लागतो. 29 जून 2024 रोजी ब्रिजटाऊनला टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल धावत घेतला, तोल सीमेबाहेर जातो आहे हे ओळखून चेंडू हवेत सोडला आणि आत परतून पुन्हा पकडला. यात एक बारकावा आहे. धावणाऱ्याच्या हातातील चेंडूला धावणाऱ्याचाच वेग असतो, त्यामुळे आपल्या दृष्टीने सरळ वर उडवलेला चेंडू जडत्वाने आपल्याबरोबरच दोरीपलीकडे जातो. तो आत राहावा यासाठी वर उडवतानाच मैदानाच्या दिशेने ढकलावा लागतो, आणि धाव जितकी वेगवान तितका हा ढकल मोठा. जमिनीवर रेघ आखून आधी चालत, मग धावत हे करून पाहावे: रेघ ओलांडण्यापूर्वी चेंडू मागे सोडायचा, तोही इतका उंच, की थांबून, वळून परत येईपर्यंत तो हवेतच असेल.