लाइन बंद आहे, एवढ्यावर चढू नका: शिकाऊ लाइनमनच्या चुका

महावितरणमध्ये लाइनवरची नोकरी बहुधा विद्युत सहाय्यकाच्या पदापासून सुरू होते, आणि आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा दोन वर्षांचा ट्रेड पुरा केलेली पुष्कळ मुले त्याआधी शिकाऊ उमेदवारी करतात. हा काळ प्रमाणपत्रापुरता काढणे ही पहिली चूक. सेक्शन ऑफिसात तक्रारी नोंदवण्यात महिने सरतात आणि नेमणुकीनंतर पहिल्या पावसात, रात्री फीडर (उपकेंद्रातून निघणारी मुख्य लाइन) गेला की, आपण एकदाही डीपीवर (खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरवर) हात घातलेला नाही हे ध्यानात येते.

सर्वांत घातक चूक मात्र वेगळीच आहे: बंद केलेल्या लाइनमध्ये वीज नाहीच, असे धरून चालणे. एबी स्विचचे (लाइन तोडायला खांबावर बसवलेल्या तीन पात्यांच्या स्विचचे) हँडल ओढले म्हणजे तिन्ही पाती सुटलीच असे नव्हे. गंजलेल्या स्विचचे एखादे पाते अडकून राहते, म्हणून तिन्ही सुटलेली डोळ्यांनी पाहावीत. डीओ (ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा, खाली उतरवता येणारा फ्यूज) उतरवला तरी त्याचा वरचा कॉन्टॅक्ट ११ केव्हीलाच, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या लाइनलाच, जोडलेला असतो. ट्रान्सफॉर्मर बंद झाला म्हणून मुलगा वर चढतो, लक्ष हातातल्या बोल्टकडे आणि डोके वरच्या जंपरपाशी, म्हणजे लाइनपासून डीओपर्यंत आलेल्या चालू तारेपाशी. शिवाय एखाद्या घरचा जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर त्याची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी फिरून बंद लाइनवर हजारो व्होल्ट चढवू शकते.

म्हणून ‘बंद केली’ या फोनवरच्या शब्दावर न विसंबता उपकेंद्राच्या ऑपरेटरकडून रीतसर परमिट (लाइन बंद ठेवून काम करण्याची परवानगी) घ्यावे. टेस्टर चालू लाइनवर दाखवून तो ठीक असल्याची खात्री करावी आणि मगच कामाच्या लाइनला लावावा. त्यानंतर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करावे, म्हणजे तारा जमिनीशी जोडाव्यात: अर्थिंगची वायर आधी जमिनीला जोडायची, मग तिच्या दुसऱ्या टोकाचा रॉड तारेवर टाकायचा, आणि काढताना आधी रॉड. घाईत हा क्रम हमखास उलटतो. मग लाइनवर उरलेल्या विजेला जमिनीची वाट मिळते ती हातात मोकळ्या राहिलेल्या वायरमधून, म्हणजे माणसातूनच.

रबरी हातमोजे घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडावी. ती सुटली तर मोजा फाटलेला आहे. (हे करायला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी कोणी करत नाही.)

दोष शोधतानाही एक खोड लागते. किटकॅटमधली (चिनी मातीच्या फ्यूजमधली) वायर वारंवार वितळू लागली की अॅल्युमिनियमच्या दोन-चार तारा पिळून घालतात. मग फ्यूज टिकतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. लोड कोणत्या फेजवर वाढला आहे, ते आधी पाहावे. काही घरांत दिवे मंद आणि शेजारी बल्ब उडत असतील, तर फ्यूज बदलत बसू नये; ते न्यूट्रल तुटल्याचे लक्षण आहे आणि अशा वेळी २३० व्होल्टच्या उपकरणाला ४०० च्या आसपास दाब मिळू शकतो. पुरवठा ताबडतोब बंद करून ट्रान्सफॉर्मरपासून न्यूट्रलचे जोड तपासत यावे आणि सैल जोड सापडून कसला जाईपर्यंत, गावकऱ्यांनी कितीही तगादा लावला तरी, लाइन पुन्हा चालू करू नये.